पहिलं जुनं रिव्हॉल्वर घेताना: चकाकीला न भुलता काय बघायचं

माझं पहिलं जुनं रिव्हॉल्वर आरशासारखं चकचकीत होतं. तेवढं बघूनच मी ते घेतलं. पंधरवड्याने एका जाणत्या संग्राहकाने ते दिव्याखाली तिरकं धरलं आणि दोन मिनिटांत तीन गोष्टी दाखवल्या. नळीवरची अक्षरं कडेने विरघळल्यासारखी दिसत होती. स्क्रूभोवतीचं पोलाद बशीसारखं खोल गेलं होतं. घोडा हळू मागे ओढला, की सहापैकी एका घराला सिलिंडर पुरता जागेवर येत नव्हता. म्हणजे वरून पॉलिश मारून नवा रंग चढवलेलं आणि आतून झिजलेलं हत्यार मी 'मूळ अवस्थेतलं' समजून घरी आणलं होतं. विकणारा खोटं बोलला नव्हता. मीच त्याला काही विचारलं नव्हतं.

खाली दिलेला क्रम त्या चुकीतून आणि नंतरच्या बारीकसारीक चुकांमधून तयार झाला आहे. सुरुवातीला एक शब्दांचा खुलासा. मराठीत 'घोडा' आणि 'चाप' यांची नेहमी सरमिसळ होते. या लेखात चाप म्हणजे बोटाने ओढायचा तो, आणि घोडा म्हणजे मागच्या बाजूला अंगठ्याने ताणायचा तो. काडतूस जिथे बसतं त्याला मी घर म्हणतो, आणि ही घरं ज्या फिरत्या गोल भागात असतात तो सिलिंडर. सहा घरांचं रिव्हॉल्वर म्हणजे आपलं जुनं सहाबारी.

१. आधी कागद, मग हौस

हत्यार बघायला जाण्याआधी आपल्या देशाचा कायदा नीट वाचा. कोणतं रिव्हॉल्वर परवान्याशिवाय ठेवता येतं, कोणतं 'पुरातन' गणलं जातं, कोणत्या व्यासाच्या काडतुसावर बंदी आहे, हे देशागणिक बदलतं. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार पुरातन धरतात, पण हा नियम दुसऱ्या देशात उपयोगाचा नाही. 'जुनं आहे, चालतं' हे विकणाऱ्याचं वाक्य परवान्याची जागा घेऊ शकत नाही.

साधारणपणे हाताशी लागणारे कागद असे:

– तुमचा परवाना किंवा परवानगी, आणि त्यात तो प्रकार व ते काडतूस बसतं याची खात्री
– विकणाऱ्याची मालकी दाखवणारा कागद
– क्रमांक, मॉडेल आणि तारीख लिहिलेली खरेदीची पावती
– परदेशातून येत असेल तर आयात-निर्यातीचे कागद
– मूठ हस्तिदंताची असेल तर त्या हस्तिदंताचं वय आणि उगम सांगणारा पुरावा

शेवटच्या कलमावर नवखे हमखास अडकतात. हत्याराचे सगळे कागद चोख असतात आणि माल मुठीवरून सीमेवर अडतो, कारण हस्तिदंताच्या व्यापारावर स्वतंत्र आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत.

२. चालवायचं की जपायचं, हे ठरवा

हे दोन वेगळे छंद आहेत. चालवायला घेतलेल्या रिव्हॉल्वरचा रंग उडालेला चालतो, पण यंत्रणा ठाकठीक हवी. जपायला घेतलेल्याची यंत्रणा थोडी सैल असली तरी एकवेळ चालेल, पण रंग, स्क्रू, मूठ, क्रमांक सगळं मूळ हवं. दोन्ही एकाच हत्यारात हवं असेल तर ते दुर्मीळ असतं, आणि मिळालं तरी ते चालवायला हात धजावत नाही. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांकडे म्हणूनच एकाच मॉडेलचे दोन नमुने आहेत, एक कपाटात आणि एक नेमबाजीच्या मैदानावर.

३. लोकांची आवडती घराणी ओळखून घ्या

कोणत्याही संग्राहकाला 'आवडतं कोणतं' विचारलं, की पाच-सात नावं फिरून फिरून येतात. ती का आवडतात आणि त्यांची खोड काय, हे दोन्ही माहीत हवं.

सगळ्यात आधी कोल्टचं सिंगल ॲक्शन आर्मी. हे १८७३ मध्ये आलं. 'पीसमेकर' म्हणतात ते हेच. घोडा दर वेळी अंगठ्याने ताणावा लागतो, आणि ताणताना चार टप्प्यांचे चार आवाज येतात. ते आवाज ऐकण्यासाठीच हे घेणारी माणसं मी पाहिली आहेत. संग्राहक त्याच्या पिढ्या पाडतात: पहिली १८७३ ते १९४०च्या सुमारापर्यंत, दुसरी १९५६ पासून, तिसरी १९७६ पासून. पहिल्या पिढीत साधारण ३ लाख ५७ हजार बनली. त्यांतल्या सुरुवातीच्या नमुन्यांचं पोलाद काळ्या दारूच्या हिशोबाचं आहे. आधुनिक धूरविरहित दारूची काडतुसं त्यांत घालू नयेत. आणखी एक गोष्ट जुन्या सगळ्याच सिंगल ॲक्शनना लागू आहे. घोडा खाली असताना त्याची टोचणी थेट काडतुसाच्या बुडाला टेकते. हत्यार खाली पडलं तर बार उडू शकतो. म्हणून सहाबारी असूनही त्यात पाचच काडतुसं भरायची आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं.

त्याहून जुनं हवं असेल तर कोल्टचं १८५१चं नेव्ही आणि १८६०चं आर्मी आहेत. यांत काडतूस नसतं. दारू, गोळी आणि टोपी (घोडा आपटला की ठिणगी पाडणारी छोटी कॅप) वेगवेगळी. नेव्हीच्या सिलिंडरवर १८४३च्या कँपेचेच्या समुद्री लढाईचं चित्र उमटवलेलं असतं. हे चित्र किती शाबूत आहे यावरून त्या हत्याराने किती भोगलंय ते कळतं. पण यांच्या इटालियन प्रतिकृती भरपूर निघाल्या आहेत. प्रतिकृती म्हणून त्या उत्तम. नवख्याने त्याच घ्याव्यात असं मी म्हणेन. मात्र त्यांच्यावरचे चाचणीचे शिक्के घासून, आम्लाने 'म्हातारं' करून मूळ म्हणून खपवण्याचा उद्योग जुना आहे.

डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे नुसता चाप ओढून घोडा ताणला जातो आणि सुटतोही अशा प्रकारात, स्मिथ अँड वेसनचं मिलिटरी अँड पोलीस हे घराचं वडीलधारं माणूस. १८९९ मध्ये ते .३८ स्पेशल काडतुसासोबत आलं. १९५७ मध्ये कंपनीने नावांऐवजी आकडे द्यायला सुरुवात केली तेव्हा ते मॉडेल १० झालं. लाखोंनी बनलं, पोलिसांनी वर्षानुवर्षं कमरेला लावलं आणि गोळ्या मोजक्याच झाडल्या. त्यामुळे बाहेरून खरचटलेले पण आतून जवळपास नवे असे नमुने सापडतात. पहिलं रिव्हॉल्वर म्हणून माझं मत याला. त्याच कंपनीचं मॉडेल २७ म्हणजे १९३५च्या पहिल्या .३५७ मॅग्नमचा (मॅग्नम म्हणजे जास्त ताकदीचं काडतूस) वारस, जड आणि देखणं. १९५५चं कॉम्बॅट मॅग्नम, पुढचं मॉडेल १९, हे मॅग्नमची ताकद मध्यम सांगाड्यात बसवतं. तिथेच त्याची खोड आहे. जागा करण्यासाठी त्याच्या नळीचं मागचं तोंड खालच्या बाजूने सपाट कापलेलं असतं, आणि हलक्या, वेगवान गोळीच्या (वजन १२५ ग्रेन, म्हणजे सुमारे ८ ग्रॅम) मॅग्नम काडतुसांचा मारा सतत केला तर नेमक्या त्या पातळ जागी तडा जातो. मॉडेल २९ हे .४४ मॅग्नम. ते बहुतेकांना हवं असतं आणि पहिल्या पन्नास गोळ्यांनंतर बहुतेक जण ते खाली ठेवतात.

कोल्ट पायथन १९५५चं. गडद निळा रंग, नळीवरची खिडक्यांची पट्टी, लोण्यासारखा चाप. त्याच्या रूपाबद्दल दुमत नाही. पण जुन्या पायथनची यंत्रणा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कोल्टच्या रचनेवर, हाताने जुळवून बसवलेली आहे. घोडा सुटताना सिलिंडर अगदी घट्ट आवळला जातो, आणि त्या घट्टपणाची किंमत सिलिंडर फिरवणारा छोटा भाग झिजून देतो. ते दुरुस्त करणारे कारागीर आता बोटांवर मोजण्याइतके. २०२० मध्ये आलेलं नवं पायथन आतून वेगळं आणि जास्त सोशिक आहे. पण संग्राहकाला हवं ते जुनंच. पहिली खरेदी म्हणून जुनं पायथन घेऊ नका. बघायला शिकण्याआधी महागडी वस्तू घेतली, की 'नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा' व्हायला वेळ लागत नाही.

रूगरला पूर्वी संग्राहक फारसं विचारत नसत. आता १९७३ आधीच्या सिंगल-सिक्स आणि ब्लॅकहॉकना मान आहे. सांगाड्याच्या बाजूला तीन स्क्रू दिसले तर जुनं. दोन खिळे दिसले तर १९७३ नंतरचं. नव्यात घोडा आणि टोचणी यांच्या मधे एक सुरक्षेची पट्टी सरकते, त्यामुळे सहाही घरं भरता येतात. कंपनी जुन्या हत्यारांना ही व्यवस्था फुकट बसवून देते आणि काढलेले जुने भाग परत देते. विकत घेताना त्या भागांची पिशवी मागा. संग्राहकाच्या लेखी तिला मोल आहे. चालवायला दणकट काही हवं असेल तर रूगरचं जीपी १०० डोळे मिटून घ्यावं. अर्थात पायरी ६ करून.

लष्करी पंथात वेब्ली, एन्फिल्ड आणि नागां. वेब्लीचं मार्क ६ हे १९१५चं. मधून मोडतं आणि रिकामी टोपणं (झाडलेल्या काडतुसांची धातूची कवचं) एका झटक्यात बाहेर फेकतं. त्यातली अनेक हत्यारं पुढे .४५ एसीपी काडतूस बसावं म्हणून सिलिंडरच्या मागून तासली गेली. काडतूस बसतं, पण त्याचा पूर्ण दाब वेब्लीला पेलत नाही. १८९५चं नागां सात घरांचं, आणि त्याची गंमत अशी की घोडा ताणताना सिलिंडर पुढे सरकून नळीला चिकटतो व फट बंद करतो. चाप मात्र इतका जड, की डबल ॲक्शनने नेम धरणं ही शिक्षाच.

४. सोबत काय न्यायचं

छोटी प्रखर बॅटरी, भिंग, मोटारीच्या प्लगची फट मोजतात तसलं फीलर गेज, योग्य मापाची डमी काडतुसं, पांढऱ्या कागदाचा तुकडा, मऊ सुती कापड आणि वही. स्क्रू ड्रायव्हर नेऊ नका. दुसऱ्याचं हत्यार खोलायचा मोह होतो आणि विकत न घेताच भांडण विकत घेतलं जातं.

५. रिकामं आहे, हे स्वतः बघा

विकणाऱ्याने तुमच्या देखत बघितलं असलं तरी पुन्हा बघा. सिलिंडर उघडा, सगळी घरं मोजा, बोट फिरवा. खोली बदलली, हत्यार कुणाच्या हातात जाऊन परत आलं, तरी पुन्हा तेच. नळीचं तोंड कायम माणूस नसलेल्या दिशेला.

सिलिंडर उघडण्याची तऱ्हा घराण्यागणिक वेगळी आहे: कोल्टचा खटका मागे ओढायचा, स्मिथ अँड वेसनचा पुढे ढकलायचा, रूगरचा आत दाबायचा. आणि पडद्यावर करतात तसा मनगटाचा झटका देऊन सिलिंडर बंद करायचा नाही. त्याने सिलिंडर धरणारा दांडा वाकतो. कुणी विकणारा तसं करताना दिसला तर मी ते हत्यार बघायचंच सोडून देतो, कारण माझ्यासमोर एकदा केलं म्हणजे आधी शंभरदा केलं असणार.

६. तपासणी: इथे घाई नाही

विकणाऱ्याची परवानगी घेऊन, हत्यार रिकामं आणि शक्य तर घरांत डमी काडतुसं भरून, या क्रमाने जा.

क) टायमिंग. एका हाताच्या बोटाने सिलिंडरला अगदी हलका विरोध करा आणि दुसऱ्या हाताने घोडा सावकाश, अगदी सावकाश मागे ओढा. घोडा शेवटच्या टप्प्याला पोचेपर्यंत खालची खिट्टी सिलिंडरच्या खाचेत 'टिक' करून बसलीच पाहिजे. हे प्रत्येक घरासाठी करा. सहापैकी पाच बरोबर म्हणजे बरोबर नव्हे. माझं सहावंच निघालं होतं. खिट्टी बसली नाही तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत, आणि गोळीचं शिसं कडेला तासलं जाऊन बाजूच्या माणसाच्या अंगावर उडतं. डमी काडतुसं यासाठी भरायची की काही स्मिथ अँड वेसनमध्ये टोपणं बाहेर काढणारी चांदणी रिकाम्या घरांवर किंचित हलते, आणि चांगलं हत्यारही वाईट भासतं.

ख) पकड. चाप ओढून घोडा अंगठ्याने हळू खाली सोडा. चाप तसाच मागे धरून सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून बघा. जुन्या कोल्टमध्ये तो जवळपास हलू नये. स्मिथ अँड वेसनमध्ये केसभर हालचाल मुळातच ठेवलेली असते. हा फरक माहीत नसल्याने लोक चांगली हत्यारं नाकारतात आणि सैल झालेलं कोल्ट 'एवढं तर चालतंच' म्हणून घेतात.

ग) पुढे-मागे खेळ आणि फट. सिलिंडर पुढे-मागे ढकलून बघा. खटखट ऐकू येऊ नये. मग सिलिंडर मागे दाबून धरा आणि नळी व सिलिंडर यांच्या मधली फट फीलर गेजने मोजा. ०.१० ते ०.२० मिलिमीटर असेल तर समाधान. ०.२५च्या पुढे गेली तर कारण विचारा. फट शून्य असणंही गुण नाही; चार गोळ्यांत काजळी धरून सिलिंडर अडकतो.

घ) घोडा ढकलून बघणं. घोडा पूर्ण ताणा, चापावरून बोट काढा आणि अंगठ्याने घोड्याला मागून पुढे बेताचा दाब द्या. अंगठा घोड्यावरून काढू नका. चाप न ओढता घोडा सुटला तर हत्यार तिथेच परत द्या. कुणीतरी चाप हलका करण्याच्या नादात आतले कोपरे कानशीने घासलेले असतात.

च) नळी. सिलिंडर उघडून मागे पांढरा कागद धरा, त्यावर बॅटरी मारा आणि पुढून बघा. पिळाच्या रेषा धारदार दिसायला हव्यात. थोडा खरखरीतपणा, जुन्या गंजाचे टिपके, हे चालवण्याच्या हत्यारात चालून जातं. पण आत कुठे काळी गोल कडी दिसली तर थांबा. आधीची गोळी अडकलेली असताना दुसरी झाडली, की नळी आतून फुगते आणि ती कडी उमटते. बाहेरून त्या जागी बोट फिरवलं तर कधीकधी उंचवटा लागतो.

छ) नळीचं मागचं तोंड आणि वरची पट्टी. भिंगाने बघा. मॉडेल १९ मध्ये तळाच्या बाजूला तडा शोधा. सांगाड्याच्या वरच्या पट्टीत, फटीच्या बरोबर वर, गरम वायूने कोरलेली बारीक रेघ दिसेल. मॅग्नममध्ये ती असायचीच. सहसा काही खोलीपर्यंत जाऊन थांबते. तिला घाबरू नका, पण किती गोळ्या झाडल्या असतील याचा अंदाज तीच देते.

सिलिंडरभोवतीची गोल रेघ बघून लोक उगाच नाक मुरडतात. रूगरच्या नव्या सिंगल ॲक्शनमध्ये ती येतेच. कोल्ट सिंगल ॲक्शनवर मात्र ती दिसली तर आधीचा मालक घोडा अर्ध्या टप्प्यावरून तसाच खाली सोडत होता, असं समजा. तो पूर्ण मागे ओढून मग उतरवायचा असतो.

७. मूळ आहे की नटवलेलं

आता चकाकीकडे. मूळ पॉलिश कारखान्यात सपाट चाकांवर झालेलं असतं, त्यामुळे कडा तीक्ष्ण आणि सपाट भाग खरोखर सपाट असतात. नंतर कुणी हाताने पॉलिश केलं की कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांचे काठ बुडतात, शिक्क्यांची एक बाजू फिकट होते. शिक्का ठोकताना भोवतीचं पोलाद किंचित वर उचललं जातं. मूळ पृष्ठभागावर ती उंची नखाला लागते, नटवलेल्यावर लागत नाही. खड्ड्यांवर रंग दिसला तर प्रश्नच मिटला: आधी गंज चढला, मग रंग चढला.

घोडा आणि चाप यांचा रंगही बघा. स्मिथ अँड वेसनच्या अनेक मॉडेलांत हे दोन भाग उष्णता प्रक्रियेने धूपछाव रंगाचे असतात. सांगाड्यासारखेच ते गडद निळे दिसले, तर सगळं एका टाकीत बुडवून काढलंय.

नटवलेलं हत्यार वाईट नसतं. माझं अजून माझ्याकडेच आहे. फक्त मूळ मालाचा भाव देऊन ते घ्यायचं नाही.

८. क्रमांक जुळवा

इथला नेहमीचा सापळा सांगतो. स्मिथ अँड वेसनचा सिलिंडर उघडला की दांड्यावर आणि त्यामागच्या सांगाड्यावर आकडे दिसतात. नवखा तोच क्रमांक समजून वर्ष काढतो आणि भलतंच उत्तर मिळवतो. ते पुष्कळदा जुळणीचे कामचलाऊ आकडे असतात. या कंपनीच्या जुन्या हत्यारांचा खरा क्रमांक मुठीच्या तळाशी असतो. तोच सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीच्या खालच्या बाजूला आणि लाकडी मुठीच्या उजव्या फळीच्या आतून मिळायला हवा. १९५७ नंतरच्यात मॉडेलचा आकडा मात्र दांड्यामागच्या खाचेतच असतो, आणि '१९-३' असं काही लिहिलेलं असेल तर शेवटचा आकडा रचनेतला बदल दाखवतो. कोल्टच्या विसाव्या शतकातल्या डबल ॲक्शनमध्ये उलट: तिथे क्रमांक दांड्यामागेच सापडतो.

मुठीचे स्क्रू काढून आतली फळी बघायची विनंती मालकाला करा, त्यानेच काढू द्या. संग्रहाचा माल म्हणून विकत असेल आणि एवढ्यालाही नकार असेल तर तो नकार हीच माहिती.

कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोन्हींच्या जुन्या नोंदींवरून पत्र मागवता येतं: हे हत्यार कोणत्या तारखेला, कोणत्या रंगात, किती लांबीच्या नळीसह, कोणाकडे रवाना झालं. महाग खरेदीआधी हे पत्र मागवाच. 'आजोबांना एका प्रसिद्ध माणसाने दिलं होतं' ही गोष्ट पत्रात नसेल तर ती गोष्ट ऐकून घ्या, पण तिचे पैसे देऊ नका.

९. काडतुसांच्या नावांचा घोळ

.३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमध्ये .३८ स्पेशल चालतं; दोन्हींच्या गोळीचा व्यास तोच, मॅग्नमचं टोपण तेवढं तीनएक मिलिमीटर लांब. उलटं चालत नाही, आणि लांबी मुद्दाम तशीच ठेवली आहे. मॅग्नममध्ये छोटी काडतुसं खूप झाडली की घरांच्या पुढच्या भागात काजळीची कडी जमते आणि मग लांब काडतूस अडतं. घासलं की जातं.

.३८ स्पेशल आणि .३८ स्मिथ अँड वेसन ही मात्र वेगवेगळी काडतुसं. दुसरं आखूड आणि जाड. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश राष्ट्रकुलासाठी बनलेली, क्रमांकाच्या आधी 'व्ही' असलेली स्मिथ अँड वेसन 'व्हिक्टरी' रिव्हॉल्वर या दुसऱ्या काडतुसाची होती. युद्धानंतर त्यातल्या अनेकांची घरं खोल करून .३८ स्पेशलची केली. घराचा मागचा भाग रुंदच राहिला, त्यामुळे झाडलेलं टोपण तिथे फुगतं, क्वचित फाटतं. नळीवर काय लिहिलंय यापेक्षा घरात काय केलंय ते महत्त्वाचं. शंका आली तर गनस्मिथकडून घरांचं माप घेऊन मगच काडतूस विकत घ्या.

१०. घरी आणल्यावर

आधी फोटो आणि वहीत नोंद: क्रमांक, तारीख, मोजलेली फट, दिसलेले दोष. मग साफसफाई. निकेलचा मुलामा असेल तर अमोनिया असलेलं द्रावण वापरू नका. मुलाम्याखाली तांब्याचा थर असू शकतो, तो अमोनियाने खाल्ला की निकेल पापुद्र्यासारखं सुटतं. रंगावर पोलादी काथ्या घासायचा नाही. बाजूची झाकणपट्टी कधीही उचकटायची नाही. स्क्रू काढून सांगाड्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलके ठोके दिले की ती आपोआप उठते. आणि स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत गच्च बसणारंच हवं. खाच एकदा फाटली की ती पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला दिसते.

चामड्याच्या म्यानात ठेवू नका. म्यान कितीही देखणं असो, चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं पोलादाला खातात. बोटांच्या ठशांनीही गंज येतो. हाताळल्यावर तेलाचं कापड फिरवून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, कुलपात. काडतुसं वेगळ्या कुलपात.

चालवायला नेलं तर एक सवय आधी लावा. पिस्तूल धरणाऱ्यांचा आधाराच्या हाताचा अंगठा पुढे जातो. रिव्हॉल्वरमध्ये तो सिलिंडर आणि नळी यांच्या फटीशेजारी येतो. तिथून दर बाराला दोन्ही बाजूंनी तापलेला वायू सुटतो. .३८ मध्ये चटका बसेल, मोठ्या मॅग्नममध्ये बोट कायमचं जायबंदी होईल. दोन्ही अंगठे खाली, मुठीवर.

आणि पहिल्या पन्नास गोळ्यांनंतर टायमिंगची तपासणी पुन्हा करा, सगळ्या घरांची, आणि वहीत पहिल्या नोंदीखाली लिहून ठेवा.